पोरगं अकादमीत जाणार, पण कुठल्या संघात?

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, नोव्हेंबरचा जन्म. नुकतीच आठवीची परीक्षा झाली. सहाव्या वर्षापासून गांधी मैदानावर फुटबॉल खेळतो, आमच्या तालमीच्या लहान मुलांच्या संघात डाव्या बगलेला असतो. गेल्या महिन्यात पुण्यात एका व्यावसायिक क्लबच्या निवड चाचणीला गेला होता. आता व्हॉट्सअॅपवर निरोप आलाय की १५ वर्षांखालील निवासी अकादमीसाठी निवड झाली आहे, वर्षाची फी ३ लाख २० हजार, आणि आठ दिवसांत २५ हजार भरून जागा पक्की करा. तालमीतली जुनी मंडळी म्हणतात, पोरगं इथंच ठेवा, दोन-तीन वर्षांत सीनियर संघात घेतो. बायकोला दहावीची काळजी. मेव्हणा म्हणतो, त्यापेक्षा परदेशी क्लबची अकादमी मुंबईत आहे तिथं घाला, थेट युरोपला जाईल. माझं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. कर्ज काढलं तर जमेल. काढू का?
— एक पालक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : कर्ज काढू नका, आणि आठ दिवसांत २५ हजारही भरू नका. मुलाला पाठवूच नका असं मी म्हणत नाही. पण तुमच्या हातात आत्ता फक्त एक निरोप आहे आणि त्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लिहिलेलीच नाही : मुलगा क्लबच्या कुठल्या संघात खेळणार.

एकाच क्लबच्या नावाखाली आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी चालतात. पहिली, संध्याकाळचे सशुल्क वर्ग. महिन्याची फी भरली की कुणालाही प्रवेश, क्लबचा टी-शर्ट मिळतो. दुसरी, निवासी प्रशिक्षण. वसतिगृह, शाळा, जेवण, सराव, सगळ्याची वर्षाची फी. तिसरी म्हणजे क्लबचे खरे अकादमी संघ : १३ खालील, १५ खालील, १७ खालील आणि त्यावर राखीव किंवा २१ खालील संघ. हे संघ क्लबच्या नावानं अधिकृत स्पर्धांमध्ये उतरतात आणि मुख्य संघाकडे जाणारी शिडी असलीच तर ती इथं असते. तिन्हीकडे अंगावरची जर्सी एकच, त्यामुळे पालकांची गल्लत होते. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या गटाच्या फीवर तिसऱ्या गटाचा खर्च भागतो. यात फसवणूक नाही, क्लब चालवायला पैसा लागतो. पण आपण कुठल्या गटाचे पैसे भरतोय हे आपल्याला माहीत हवं.

तेव्हा क्लबला फोन करू नका, ईमेल करा, म्हणजे उत्तर लेखी येईल. विचारायचं एवढंच : येत्या मोसमात माझ्या मुलाचं नाव कुठल्या संघाच्या यादीत असेल, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीत तुम्ही त्याची नोंदणी कुठल्या स्पर्धेसाठी करणार? महासंघाची युथ लीग वेगवेगळ्या वयोगटांत होते. त्याच्या वरच्या वयाला रिलायन्स फाउंडेशनची डेव्हलपमेंट लीग आहे. उत्तरात स्पर्धेचं नाव आलं तर पुढं बोला. ‘एक्स्पोजर टूर्नामेंट’, ‘मैत्रीपूर्ण सामने’, ‘आधी परफॉर्मन्स बघू’ असं आलं, तर मुलगा दुसऱ्या गटात गेला असं समजा.

त्याच ईमेलमध्ये गेल्या मोसमाचा हिशोब मागा. १५ खालील संघ एकूण किती सामने खेळला, संघाच्या यादीत किती मुलं होती, त्यांतली फी भरणारी किती. तेरा-चौदाच्या वयाच्या मुलाला वर्षात पंचवीस-तीस खरे सामने तरी मिळायला हवेत. खरे म्हणजे निकाल नोंदला जातो, पंच असतो, समोरचा संघ तोडीचा असतो. काही ठिकाणी वर्षभर रोज सराव होतो आणि सामने दहाच. तसल्या ठिकाणी मुलाचा स्टॅमिना वाढतो, खेळ वाढत नाही. तुमच्या पोराला तालीम आणि शाळा मिळून त्याहून जास्त सामने आत्ताच मिळत असतील.

आता जागांचं गणित. समजा १५ खालील संघात २५ मुलं आहेत. वरच्या १७ खालील संघातही जागा पंचविसाच्याच आसपास, पण तो दोन वर्षांच्या मुलांचा गट. म्हणजे निम्म्या जागा आधीच्या मुलांनी अडवलेल्या असतात. उरलेल्या बारा-तेरांपैकी चार-पाच बाहेरच्या राज्यांतल्या चाचण्यांतून भरल्या जातात; क्लब स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, ठेवतो तो त्यासाठीच. खालून वर जायला सात-आठ जागा उरल्या. हे अंदाजाचं गणित आहे, पण बहुतेक क्लबांत चित्र असंच दिसतं. मोसम संपला की मे महिन्यात यादी लागते, आणि जी मुलं यादीत नसतात त्यांना घरी पाठवतात. मुलाला आणि त्याच्या आईला हे आत्ताच सांगा. वगळलं जाणं हा या पद्धतीचा रोजचा भाग आहे, त्यात नाचक्की नाही.

पैशाबद्दल माझं मत जरा कडक आहे. क्लबला एखादा मुलगा मनापासून हवा असतो तेव्हा फी हलते. पूर्ण माफ होते, निम्मी होते, निदान हप्ते तरी होतात. म्हणून शिष्यवृत्ती मागा, स्पष्ट मागा, लाजू नका. ‘सगळ्यांना तीच फी’ असं उत्तर आलं तर त्यांना तुमच्या मुलात विद्यार्थी दिसतोय, खेळाडू दिसलेला नाही. ३ लाख २० हजार चार वर्षं भरले तर १२ लाख ८० हजार होतात, त्यात बूट, प्रवास, बाहेरगावच्या स्पर्धा, सणाला घरी येणं-जाणं धरलेलं नाही. एवढे पैसे भरूनही फुटबॉलमध्ये कसलीच हमी मिळत नाही. उलट, एकही रुपया न घेता मुलं घेणाऱ्या जागा देशात आहेत. नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स ही अकादमी पूर्ण शिष्यवृत्तीवर चालते. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून निवडून घेतलेली मुलं घडवते आहे. आपल्या सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत, तिथं राहणं, जेवण, शाळा शासनाची. इथल्या चाचण्या अवघड असतात, नकार जास्त मिळतात. पण मुलगा खरंच चांगला असेल तर आधी ही दारं ठोठवा, कर्ज त्याच्या फार नंतर.

क्लब कितीही मोठा असो, वर्षाची पूर्ण फी एकदम भरू नका. एफसी पुणे सिटी हा इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) संघ २०१४ मध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये बंद पडला. २०२५ च्या जुलैत तर लीगच स्थगित झाली आणि काही क्लबांनी मुख्य संघाचं कामकाज थांबवलं. मुख्य संघाला अशी कात्री लागते तिथं मुलांच्या संघाचा खर्च कोण वाचवणार? तिमाही हप्ता मागा. मध्येच बंद झालं, किंवा मुलाला मध्येच सोडलं, तर किती दिवसांत किती पैसे परत, ते आकड्यात लिहून घ्या. ‘फी परत मिळणार नाही’ असं फॉर्मच्या पाठीमागं बारीक अक्षरात असतं, तो कागद उलटून वाचा.

मेव्हण्यांचा मुद्दा पटकन निकाली काढू. फिफाच्या खेळाडू हस्तांतर नियमांतल्या १९ व्या कलमानुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूचं दुसऱ्या देशात हस्तांतर होत नाही. जे अपवाद आहेत त्यांतला मुख्य म्हणजे आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील तर. सोळा ते अठरामधली सूट युरोपातल्या युरोपात बदली होणाऱ्या मुलांसाठी आहे, कोल्हापूरच्या नाही. हा नियम मोडल्याबद्दल २०१४ मध्ये बार्सिलोनावर फिफानं कारवाई केली आणि त्या क्लबला खेळाडू-बदलीच्या लागोपाठ दोन मुदतींत नवे खेळाडू नोंदवता आले नाहीत. जिथं बार्सिलोनाला सोडलं नाही तिथं मुंबईतला त्यांच्या किंवा आणखी कुणाच्या नावाचा वर्ग तुमच्या पोराला चौदाव्या वर्षी युरोपात कसा नेणार? या शाळांत प्रशिक्षण चांगलं मिळू शकतं, सहलीचा आठवडाही होईल, पण त्या क्लबच्या वयोगट संघांशी त्याचा संबंध नाही. आणि ‘मी एजंट आहे, पोराचं बघतो’ म्हणणारा कुणी भेटला तर चहा पाजून पाठवून द्या. पहिल्या व्यावसायिक कराराच्या वयाला सहा महिने उरल्याशिवाय अल्पवयीन खेळाडूशी बोलणीच करायची नाहीत, तीही पालकांच्या लेखी परवानगीशिवाय नाहीत, असा एजंटांसाठी फिफाचा नियम आहे.

आता ज्या गोष्टीकडं पालकांचं सगळ्यात कमी लक्ष असतं ती : मुलाचं वय आणि वाढणारं अंग.

वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. तुमचा मुलगा नोव्हेंबरचा, म्हणजे त्याच्याच जन्मवर्षाचा पण जानेवारीतला मुलगा त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठा. तेराव्या-चौदाव्या वर्षी दहा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि सात-आठ किलो वजन असू शकतं. जगभरच्या अकादम्यांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त आणि शेवटच्या तीन महिन्यांतली कमी दिसतात, ती याच कारणानं. चाचणीच्या दिवशी धिप्पाड पोरगं डोळ्यांत भरतं. तुमचा मुलगा हे सगळं असूनही निवडला गेला असेल तर ती जमेची बाजू आहे. पण क्लबला हे नक्की विचारा : मुलांच्या वाढीची नोंद तुम्ही ठेवता का, दर किती दिवसांनी? ‘दर महिन्याला उंची-वजन घेतो, फिजिओकडं तक्ता असतो’ असं उत्तर देणारी अकादमी कामाची. ‘आमचे कोच फार अनुभवी आहेत’ हे या प्रश्नाचं उत्तर नाही.

ही नोंद घरीही ठेवा. महिन्यातून एकदा, सकाळी उठल्या-उठल्या, अनवाणी, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलची खूण. सकाळीच का, तर दिवसभर उभं राहून उंची सेंटिमीटरभर कमी भरते आणि मग नोंदीला अर्थ राहत नाही. मुलांची झपाट्यानं वाढ साधारण साडेतेरा-चौदाच्या सुमारास होते, त्या वर्षात नऊ-दहा सेंटिमीटर सहज वाढतात. भिंतीवरच्या दोन खुणांत महिन्याला सेंटिमीटरच्या आसपास फरक दिसायला लागला की हा काळ सुरू झाला. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. पोरगं अचानक बेंगरूळ पळायला लागतं, काल जमणारी चेंडूची पकड आज सुटते, आणि मैदानाबाहेरून ‘काय झालं रे तुला, जेवला नाहीस का?’ सुरू होतं. त्याला झालेलं काही नसतं, पाय लांब झालेत. याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या टोकाला दुखरा उंचवटा येतो, किंवा त्याच्या दोनेक वर्षं आधी टाच दुखायला लागते. स्नायूंची दोरी वाढत्या हाडाला ओढत असते. त्यावर जोरात मालिश करू नका, ‘खेळ म्हणजे सुटेल’ असंही म्हणू नका. उड्या, धाव आणि जोरदार किक काही आठवडे कमी करायच्या, मांडीचा पुढचा स्नायू हळूहळू ताणायचा, बर्फ लावायचा. लंगडत असेल तर खेळवायचं नाही आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायचं.

या वयात एकूण भाराचा एक ढोबळ ठोकताळा वापरतात : आठवड्याला ठरवून केलेल्या सरावाचे आणि सामन्यांचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. तेरा वर्षांचा, तर तेरा तास. सकाळी शाळेचा संघ, संध्याकाळी तालीम, रविवारी टर्फवर पैज, वर क्लासवाल्यांचा सराव असं करून आपली पोरं वीस तासांवर जातात, आणि हिशोब कुणीच ठेवत नाही कारण प्रत्येक कोचला फक्त आपलाच तास दिसतो. हे मोजायचं काम तुमचं.

वयाचेच कागद. महापालिकेचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि तारीख अक्षरशः एक हवी. एकीकडं आडनाव आधी, दुसरीकडं स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी, एवढ्यावरून नोंदणी अडते आणि तोवर स्पर्धेची मुदत जाते. जन्माची नोंद २१ दिवसांत झालेली असते तो दाखला निर्धोक. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं केलेली नोंद असेल तर त्याकडं संशयानं बघतात. कुणी ‘वर्षभर वय कमी करून देतो’ म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नका. वयोगट स्पर्धांत डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीनं हाडांचं वय काढतात. हाड दाखल्यापेक्षा मोठं निघालं तर मुलगा त्या गटातून बाहेर. याला दुसरी बाजूही आहे, लवकर वयात आलेल्या प्रामाणिक मुलाचं हाडाचं वयही जास्त दिसू शकतं. तुमच्या मुलाला मिसरूड फुटली असेल तर क्लबनं ही चाचणी आधी स्वतः करून घ्यावी असं सांगा. फी भरल्यावर संघाबाहेर राहण्यापेक्षा ते बरं.

दहावीची काळजी रास्त आहे, आणि इथं वेळेचं गणित तुमच्या विरोधात जातं. आत्ता गेला तर नववी तिकडं, दहावी तिकडं. दहावीच्या वर्षातच १७ खालील संघाच्या निवडीचा ताण येणार. क्लबनं कुठल्या शाळेशी जोडणी केली आहे, बोर्ड कुठलं, माध्यम कुठलं, हे विचारा. मराठी माध्यमातलं पोरगं नववीला एकदम इंग्रजी सीबीएसईत बसवलं की ते मैदानावरही गप्प होतं. आपल्या राज्य मंडळाची शाळा मिळत असेल तर उत्तम. शाळेचा दाखला मात्र पहिल्याच दिवशी काढू नका, इथल्या मुख्याध्यापकांशी बोलून शक्य तितके दिवस तो राहू द्या. मुलगा दिवाळीत परत आला तर वर्ष वाया जायला नको. अगदीच अडलं तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावी देता येते, पण त्याच्या मुदती काटेकोर असतात आणि तो शेवटचा पर्याय आहे. शालेय स्पर्धांत, सुब्रतो चषकात खेळायची मोकळीक क्लब देतो का, हेही बघा. पुढं सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण प्रमाणपत्रांवरच ठरतं.

वसतिगृह बघितल्याशिवाय होकार नाही. जाहीर भेटीच्या दिवशी जाऊ नका, एखाद्या मंगळवारी रात्री साडेआठला जा. जेवणाची वेळ असते, खरं काय ते ताटात दिसतं. एका खोलीत किती मुलं, वेगवेगळ्या वयाची एकत्र आहेत का, रात्री वॉर्डन त्याच मजल्यावर झोपतो का. बालसुरक्षेची जबाबदारी नाव घेऊन कुणावर आहे आणि त्याचा नंबर भिंतीवर लावलाय का. मुलाला घरी रोज फोन करता यायला हवा, ‘शिस्तीसाठी’ आठवड्यातून एकदाच म्हणणारी जागा मला नकोशी वाटते. विम्याचं पत्र मागा. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेचा खर्च आणि पुढचे निदान नऊ महिने सावरण्याचा खर्च कुणाचा, आणि त्या काळात मुलगा अकादमीत राहणार की घरी पाठवणार? या प्रश्नावर समोरचा माणूस किती चाचरतो त्यावरून पुष्कळ कळतं.

करारावर सही तुम्हाला करायची आहे, कारण आपल्या कायद्यात १८ खालच्या मुलानं केलेला करार ग्राह्य नाही. पाच वर्षांचा बाँड पुढं केला तर थांबा. १८ खालच्या खेळाडूच्या व्यावसायिक करारालासुद्धा फिफानं तीन वर्षांची कमाल मर्यादा घातली आहे, मग फी भरून शिकणाऱ्या पोराला पाच वर्षं कशासाठी बांधायचं? ‘मध्येच सोडल्यास प्रशिक्षण खर्च वसूल’ आणि ‘एनओसी देणं क्लबच्या मर्जीवर’ ही दोन वाक्यं असतील तर ती खोडून घ्या, किंवा रक्कम आणि मुदत लिहून घ्या. नाहीतर होतं काय, मुलगा घरी परततो, तालमीकडून खेळायचं म्हणतो, आणि नोंदणी अडकून पडलेली असते. ओळखीच्या वकिलाला तासभर बसवून कागद वाचून घ्या, त्याची फी या सगळ्या खर्चात काहीच नाही.

आता तालमीतली मंडळी. त्यांचं म्हणणं मोडीत काढू नका, पण तसंच्या तसं ऐकूही नका. कोल्हापुरात पोराला जे मिळतं ते बाहेर पैसे देऊन मिळत नाही. शाहू स्टेडियमवर पेठेची पेठ उतरलेली असताना चेंडू मागायचं धाडस त्यातलंच. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. उणीव दुसरीकडं आहे. खडबडीत, टणक मैदानावर चेंडू कसाही उसळतो, म्हणून आपली पोरं मान खाली घालून चेंडू पायाशी चिकटवून पळतात. सपाट गवतावर चेंडू वेगानं येतो, बगलेच्या खेळाडूनं तो येण्याआधी दोनदा खांद्यावरून मागं बघितलेलं असावं लागतं, आणि पहिलाच स्पर्श पुढच्या दिशेनं असावा लागतो. हे अकादमीत रोज घोटून घेतात. आणि पंधरा-सोळाव्या वर्षी सीनियर संघात, पंचविशीतल्या बचावपटूंसमोर उतरवायची घाई तर अजिबात नको. अंग तेव्हा अजून पुरतं भरलेलं नसतं आणि गुडघे तिथंच जातात.

तालमीच्या हिताची एक गोष्ट मात्र त्यांना जरूर सांगा. मुलगा जायच्या आधी त्याची आत्तापर्यंतची नोंदणी तालमीच्या नावानं सीआरएसमध्ये आहे का, ते बघायला लावा, नसेल तर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनमार्फत (केएसए) विचारणा करा. फिफाच्या नियमात खेळाडूच्या १२ व्या ते २३ व्या वर्षांपर्यंत ज्या-ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांना पुढच्या हस्तांतर रकमेतले एकूण ५ टक्के वाटून मिळतात. १२ ते १५ या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, १६ ते २३ ला अर्धा टक्का. उद्या कुणी परदेशी क्लबनं त्याच्यासाठी एक कोटी मोजले तर तालमीत काढलेल्या एका वर्षाचे २५ हजार होतात. रक्कम डोळे दिपवणारी नाही, लहान पोरांच्या संघाला वर्षाचे चेंडू आणि जाळ्या येतील एवढी आहे. पण नोंदच नसेल तर तेही नाहीत, आणि गांधी मैदानावर घालवलेली ती वर्षं कागदावर कुठंच दिसणार नाहीत. एकावेळी एकाच क्लबकडं नोंदणी राहते हे लक्षात ठेवून तारखा नीट जुळवा.

मग करायचं काय, तर आजच ईमेल पाठवा आणि त्यात आठवडाभराचं चाचणी वास्तव्य मागा. मुलगा सात दिवस तिथं राहील, त्यांच्या १५ खालील संघाबरोबर सराव करेल, एक सामना खेळेल, जेवणा-राहण्याचे पैसे तुम्ही द्याल. ज्या क्लबला त्याच्यात रस आहे तो याला नाही म्हणणार नाही, त्यांनाही एका दुपारच्या चाचणीपेक्षा सात दिवसांत जास्त दिसतं. ‘मुदत संपतेय, बाकी पोरं वाट बघतायत’ असा रोज फोन यायला लागला तर ते पैसे तुमच्या वर्कशॉपमध्येच राहू द्या.

या आठवड्यासाठी रात्रीच्या बसनं पोचून सकाळी थेट मैदानात उतरवू नका, पाय आखडलेले असतात. आदल्या दुपारी पोचा. आदल्या रात्री मटण-रस्सा नको, वरण-भात-पोळी चालेल. सकाळी सरावाच्या अडीच-तीन तास आधी पोहे नाहीतर उपमा, तासभर आधी केळं. तिथलं मैदान गवताचं आहे की कृत्रिम, ते आधी विचारून घ्या. कृत्रिम मैदानावर लांब स्टडचे बूट रुततात आणि वळताना गुडघा पिळवटतो, तिथं आखूड, भरपूर स्टडचे बूट लागतात. आणि बूट नवीनच घेणार असाल तर वाढत्या अंगाचा म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका. सामन्याचेच मोजे घालून, उभं राहून, अंगठ्यापुढं अर्ध्या बोटाची जागा राहील एवढाच घ्या. मोठ्या बुटात पाय पुढं सरकतो, अंगठ्याचं नख काळं पडतं, आणि तिसऱ्या दिवशी पोरगं लंगडतंय ते कोचला वेगळ्याच कारणानं वाटतं. बूट आत्ताच घ्या आणि निघायच्या आधी आठ-दहा दिवस गांधी मैदानावर घालून खेळू द्या.